शासकीय सेवा-संस्थांमध्ये चपळ व बहुविद्याशाखीय कार्यगटांची उभारणी : ब्रिटनमधील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

१. प्रस्तावना

सर्वसामान्य नागरिकाचा शासनाशी येणारा संबंध हा प्रामुख्याने सेवांच्या माध्यमातून येतो. दाखला, परवाना, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, अर्थसाहाय्य यांपैकी एखादी सेवा वेळेवर मिळाली की शासन आपले आहे असे त्याला वाटते. ती रखडली की तेच शासन परके वाटू लागते. अर्थसाहाय्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या बाबतीत तर विलंबाचा अर्थ थकलेले घरभाडे आणि वाढलेली उधारी असा असतो. त्यामुळे सेवा देणाऱ्या संस्थेची अंतर्गत रचना कशी असावी, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनशास्त्राचा राहत नाही.

शासकीय संघटनेचे जे स्वरूप आज जगभर आढळते, त्याचे शास्त्रीय विवेचन जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने केले. कामाची निश्चित विभागणी, अधिकारांची उतरंड, लेखी नियम आणि दस्तऐवज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. या रचनेने मनमानीला आळा घातला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु कामाची विभागणी जसजशी सूक्ष्म होत जाते, तसतशी संपूर्ण सेवेची जबाबदारी कोणा एकाकडेच राहत नाही. प्रत्येक विभाग आपापला भाग चोख पार पाडतो आणि तरीही नागरिकाचे काम अडते. या उणिवेवर उपाय म्हणून गेल्या दोन दशकांत चपळ व बहुविद्याशाखीय कार्यगटांची कल्पना पुढे आली. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप, ब्रिटनमध्ये तिच्या अंमलबजावणीतून आलेला अनुभव आणि महाराष्ट्राच्या प्रशासनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

'चपळ' हा शब्द येथे 'अ‍ॅजाइल' या संज्ञेसाठी वापरला आहे. या विचाराचे एक मूळ १९८६ मध्ये सापडते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी त्या वर्षी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. नवीन उत्पादन विकसित करताना एका विभागाने आपले काम संपवून ते पुढच्या विभागाकडे सोपवायचे, ही रिले शर्यतीची पद्धत त्यांना अपुरी वाटली. त्याऐवजी रग्बीच्या संघाप्रमाणे सर्वांनी मिळून चेंडू पुढे नेण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरते, असे त्यांनी जपानी व अमेरिकन कंपन्यांच्या उदाहरणांवरून दाखविले. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र आलेल्या १७ संगणकतज्ज्ञांनी चपळ पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. त्यात चार मूल्ये आणि बारा तत्त्वे सांगितली आहेत. प्रक्रियेपेक्षा माणसे व त्यांच्यातील संवाद, विस्तृत दस्तऐवजांपेक्षा प्रत्यक्ष चालणारी प्रणाली, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद यांना अधिक महत्त्व द्यावे, असा या मूल्यांचा आशय आहे.

याच्या उलट जी पारंपरिक पद्धत आहे, तिला 'धबधबा पद्धत' म्हणतात. तीत प्रथम सर्व गरजा लिहून काढल्या जातात, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी आणि अखेरीस वापर. धबधब्याचे पाणी जसे वर चढत नाही, तसे या पद्धतीत मागे फिरणे अवघड असते. नागरिकाची अडचण चाचणीच्या वा प्रत्यक्ष वापराच्या टप्प्यावर कळते, आणि तोपर्यंत बहुतेक पैसा खर्च झालेला असतो.

'बहुविद्याशाखीय' या शब्दाबाबतही काही स्पष्टता आवश्यक आहे. विविध शाखांच्या तज्ज्ञांची समिती नेमली आणि ती महिन्यातून एकदा भरली, म्हणजे बहुविद्याशाखीय कार्यगट तयार झाला असे होत नाही. समितीत प्रत्येक सदस्य आपल्या विभागाचा प्रतिनिधी असतो. त्याची निष्ठा, त्याचे मूल्यमापन आणि त्याची बढती मूळ विभागाकडेच असते. कार्यगटात मात्र धोरण जाणणारा अधिकारी, प्रत्यक्ष खिडकीवर काम केलेला कर्मचारी, नागरिकांच्या गरजांचा शोध घेणारा संशोधक, अर्जाची भाषा सुलभ करणारा लेखक, डिझायनर, संगणक-अभियंता आणि आकडेवारीचा विश्लेषक हे एकाच सेवेसाठी पूर्णवेळ एकत्र काम करतात. समितीत मते एकत्र येतात, कार्यगटात काम एकत्र येते, असा हा भेद सांगता येईल.

३. ब्रिटनमधील पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये या विचाराला चालना मिळण्यामागे मोठ्या प्रकल्पांचे अपयश होते. राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २००२ मध्ये हाती घेतलेला माहिती-तंत्रज्ञानाचा महाकाय कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चूनही उद्दिष्ट गाठू शकला नाही आणि २०११ मध्ये तो गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याआधी, २०१० मध्ये, मार्था लेन फॉक्स यांनी शासनाच्या ऑनलाइन सेवांचा आढावा घेऊन, सर्व विभागांच्या वर एक मध्यवर्ती आणि अधिकारसंपन्न पथक असावे, अशी शिफारस केली होती. तिला अनुसरून २०११ मध्ये मंत्रिमंडळ कार्यालयात 'गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस' ही संस्था स्थापन करण्यात आली.

या संस्थेची सुरुवात लहान होती. एका छोट्या गटाने काही आठवड्यांत एक प्रायोगिक संकेतस्थळ तयार करून मे २०११ मध्ये ते लोकांसमोर ठेवले. ते अपूर्ण होते आणि अपूर्ण आहे असे सांगूनच ते खुले केले होते. त्यावरील प्रतिक्रिया लक्षात घेऊन पुढची आवृत्ती तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गव्ह डॉट यूके' हे संकेतस्थळ अधिकृतपणे सुरू होऊन त्याने दोन जुन्या मोठ्या संकेतस्थळांची जागा घेतली. पुढे विभागांची स्वतंत्र संकेतस्थळेही त्यातच विलीन करण्यात आली.

या अनुभवातून सेवाविकासाचे चार टप्पे रूढ झाले. पहिला शोधाचा, यात काहीही न बांधता केवळ नागरिकाची गरज समजून घ्यायची. दुसरा 'अल्फा', म्हणजे पर्यायी नमुने करून पाहण्याचा. तिसरा 'बीटा', म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसह मर्यादित वापराचा. चौथा प्रत्यक्ष सेवेचा, ज्यात सुधारणा थांबत नाही. २०१४ पासून शासकीय डिजिटल सेवांना एका सेवा-मानकाची कसोटी लागू झाली. प्रारंभी त्यात २६ मुद्दे होते. २०१९ पासून ते १४ आहेत. त्यांतील सहावा मुद्दा बहुविद्याशाखीय कार्यगट असावा हा, तर सातवा चपळ कार्यपद्धती वापरावी हा आहे. अशा रीतीने जी गोष्ट एरवी व्यवस्थापकाच्या पसंतीवर अवलंबून राहिली असती, ती सेवेच्या मूल्यमापनाचा भाग बनली.

४. एकाच सेवेचे दोन प्रयत्न

चपळ पद्धतीचे यशापयश नेमके कशावर ठरते, हे समजून घेण्यासाठी 'युनिव्हर्सल क्रेडिट' या योजनेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. बेरोजगार, आजारी आणि अल्प उत्पन्न असलेल्या व्यक्तींना मिळणाऱ्या सहा वेगवेगळ्या साहाय्यांचे एकत्रीकरण करणारी ही योजना. ती सहा साहाय्ये रोजगार व निवृत्तिवेतनाचा विभाग, करविभाग आणि स्थानिक संस्था अशा तीन प्रकारच्या यंत्रणांकडून दिली जात असत. साहजिकच योजनेचे काम विभागांच्या सीमा ओलांडणारे होते.

योजनेचे पहिले संगणकीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि, विशेष म्हणजे, त्यासाठी चपळ पद्धत स्वीकारल्याचे विभागाने जाहीर केले होते. तथापि सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जो अहवाल दिला, त्यातून वेगळेच चित्र समोर आले. पद्धत नवी असली तरी पुरवठादारांशी झालेले करार, मंजुरीची साखळी आणि देखरेखीची यंत्रणा जुन्याच होत्या, आणि या दोहोंचा मेळ बसला नाही. कार्यक्रमात तटबंदीची मानसिकता आणि केवळ चांगल्या बातम्याच वर कळविण्याची संस्कृती निर्माण झाल्याचे अहवालाने नोंदविले. ३ कोटी ४० लाख पौंडांची संगणकीय मालमत्ता निर्लेखित करावी लागली. फेब्रुवारी २०१३ मध्येच कार्यक्रम थांबवून त्याची फेरमांडणी सुरू करण्यात आली होती. एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे सेवा सुरू झाली खरी. पण ती मुख्यतः एकट्या, अपत्य नसलेल्या, साध्या प्रकरणाच्या अर्जदारांपुरती.

दुसरा प्रयत्न याच विभागात, याच योजनेसाठी झाला. प्रारंभी गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसच्या साहाय्याने आणि नंतर विभागाच्या स्वतःच्या मनुष्यबळावर एक कार्यगट उभारण्यात आला. धोरण, कार्यान्वयन, संरचना आणि संगणक या शाखांतील माणसे त्यात एकत्र आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये लंडनच्या सटन भागात, मुद्दाम लहान प्रमाणावर, नवी सेवा सुरू झाली. तेथे जे शिकायला मिळाले त्यानुसार प्रणाली बदलत नेली गेली आणि डिसेंबर २०१८ पर्यंत ती देशभरातील सर्व रोजगार केंद्रांत पोहोचली. २०१४ पासून कार्यक्रमाची सर्वोच्च जबाबदारी दीर्घकाळ एकाच अधिकाऱ्याकडे राहिली, हीदेखील नोंद घेण्यासारखी बाब आहे.

या प्रणालीची खरी कसोटी कोविड-१९ च्या साथीत लागली. १६ मार्च २०२० पासून महिनाअखेरपर्यंतच्या सुमारे दोन आठवड्यांत जवळपास साडेनऊ लाख अर्ज आले. एरवी एवढ्या काळात ते साधारण एक लाख येत. मार्च २०२० मध्ये सुमारे ३० लाख असलेली लाभार्थींची संख्या वर्षभरात सुमारे ६० लाखांवर गेली. हजारो कर्मचारी अन्य कामांवरून या कामाकडे वळवावे लागले आणि अर्जदारांना रांगेत तिष्ठतही राहावे लागले. परंतु सेवा कोलमडली नाही.

दोन्ही प्रयत्नांत चपळ पद्धत हा शब्द समान होता. पहिल्यात कार्यगटाला काम दिले गेले, पण निर्णयाचा अधिकार, पैशाची लवचीकता आणि चूक सांगण्याची मुभा दिली गेली नाही. दुसऱ्यात या गोष्टी बऱ्याच अंशी दिल्या गेल्या. पद्धतीच्या नावापेक्षा अधिकाराच्या स्थानांतरावर परिणाम अवलंबून असतो, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

५. कार्यगट उभारणीचे प्रमुख घटक

उपरोक्त अनुभवाच्या आधारे शासकीय संस्थेत असा कार्यगट उभारताना पुढील घटक महत्त्वाचे ठरतात.

(अ) सेवेची व्याख्या नागरिकाच्या बाजूने करणे : कार्यगट विभागासाठी वा संगणक प्रणालीसाठी नेमला तर तो विभागाच्या सीमेतच अडकतो. 'घर बदलल्यावर साहाय्य चालू राहणे' ही नागरिकाच्या बाजूने केलेली व्याख्या झाली. 'पत्ता-दुरुस्ती अर्ज निकाली काढणे' ही कार्यालयाच्या बाजूची.

(आ) लहान आकार आणि स्थिर सदस्यत्व : गट इतका लहान असावा की रोजच्या छोट्या बैठकीत प्रत्येकाला बोलता यावे. सदस्य वरचेवर बदलल्यास जमा झालेले आकलन नष्ट होते, कारण त्यातील फार थोडे कागदावर उतरलेले असते.

(इ) निर्णयाचा अधिकार असलेला सेवाप्रमुख : कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे स्पष्टपणे असावा. प्रत्येक बदलासाठी नस्ती वरिष्ठांकडे पाठवावी लागत असेल, तर दोन आठवड्यांचे कार्यचक्र आखण्यात काहीच अर्थ राहत नाही.

(ई) टप्प्याटप्प्याने निधी : संपूर्ण रक्कम एकाच अंदाजपत्रकावर मंजूर केल्यास मूळ आराखडा चुकला हे कबूल करणे कठीण होते. शोधाच्या टप्प्याला अल्प निधी, आणि पुढचा निधी मागील टप्प्यात काय कळले हे पाहून, अशी रचना अपयशालाही स्वस्त करते.

(उ) दाखवून केलेली देखरेख : चपळ पद्धतीत उत्तरदायित्व कमी होते, असा एक समज आहे. वस्तुतः त्याचे स्वरूप बदलते. प्रगती-अहवालातील टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष चालणारी सेवा आणि तिचा वापर करणारा नागरिक यांचे निरीक्षण करणे, हे वरिष्ठांचे काम ठरते. मात्र, पात्रतेचे नियम, खर्चाची नोंद आणि निर्णयाची कारणे यांचा लेखी पुरावा शासनात अनिवार्यच असतो. तो टाळण्याची सवलत कोणतीही पद्धत देऊ शकत नाही.

६. मर्यादा

या पद्धतीकडे सर्व दुखण्यांवरील रामबाण औषध म्हणून पाहणे योग्य नाही. पहिली मर्यादा धोरणाची आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये अर्ज केल्यापासून पहिली रक्कम हाती पडण्यास प्रथम सुमारे सहा आठवडे लागत आणि २०१८ पासून पाच आठवडे लागू लागले. ही प्रतीक्षा संगणकातील दोषामुळे नसून योजनेच्या रचनेतच होती. त्यातच, राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जून २०१८ च्या अहवालानुसार, २०१७ मध्ये सुमारे १ लाख १३ हजार नव्या अर्जदारांना, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा अर्जदारांना, पूर्ण रक्कम वेळेवर मिळाली नाही. पडद्यावरचा अर्ज कितीही सुबक असला तरी हाती पैसे येईपर्यंतचा काळ कसा काढायचा, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. कार्यगटाला जे दिसते ते कायदा करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नसेल, तर चपळपणा केवळ खिडकीपुरता उरतो.

दुसरी मर्यादा विभागांच्या सहकार्याची आहे. गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसनेच विकसित केलेली 'व्हेरिफाय' ही ओळख-पडताळणी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. २०२० पर्यंत अडीच कोटी वापरकर्ते हे तिचे उद्दिष्ट होते. फेब्रुवारी २०१९ पर्यंत ही संख्या ३६ लाख होती. अनेक विभागांनी ती अपेक्षेप्रमाणे स्वीकारली नाही आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. कुशल कार्यगट असूनही इतर विभागांचे हितसंबंध न जुळल्यास सेवा रुजत नाही, हे यावरून दिसते.

तिसरी मर्यादा राजकीय आश्रयाची आहे. ब्रिटनच्या धर्तीवर अमेरिकेच्या संघराज्य शासनात २०१४ मध्ये 'एटीन-एफ' हे तंत्रज्ञांचे पथक स्थापन झाले होते. सत्तांतरानंतर मार्च २०२५ मध्ये ते बरखास्त करण्यात आले. मध्यवर्ती पथकापुरतीच मर्यादित राहिलेली क्षमता अशी एका आदेशाने पुसली जाऊ शकते. विभागांच्या नित्य कामकाजात मुरलेली क्षमता पुसणे तितके सोपे नसते.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

ब्रिटनचा अनुभव जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही, हे उघड आहे. तथापि महाराष्ट्रालाही कार्यालयीन सुधारणेची स्वतःची परंपरा आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेखांची मांडणी आणि नागरिकांची सोय यांचा एकत्रित विचार करून जी सुधारणा केली, ती 'लखीना पॅटर्न' या नावाने ओळखली गेली. नागरिकाच्या बाजूने कार्यालयाकडे पाहण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होता.

त्यानंतरच्या दोन कायद्यांकडे या लेखातील विवेचनाच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरवून देण्यात आली. पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलीय प्राधिकारी आणि आयोग अशी रचना करण्यात आली आणि कसूर करणाऱ्यास दंडाची तरतूद झाली. दोन्ही कायद्यांनी नागरिकाच्या हाती एक साधन दिले, हे निर्विवाद आहे.

परंतु दोहोंमध्येही उत्तरदायित्वाचे एकक व्यक्ती हेच आहे. पहिल्यात विलंब टेबलागणिक मोजला जातो. दुसऱ्यात जबाबदारी एका पदावर निश्चित होते. लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार आणि तहसीलदार या साखळीतील प्रत्येकाने आपली मुदत पाळली, तरी मुळात अर्जच अनावश्यक कागदपत्रे मागत असेल किंवा त्याची भाषा अर्जदाराला कळत नसेल, तर त्याचा हेलपाटा चुकत नाही. या दोषाला कोणीही व्यक्तिशः जबाबदार नसल्याने त्यावर दंडही होऊ शकत नाही. तो दूर करण्यासाठी संपूर्ण सेवेकडे पाहणारा गटच लागतो. शिवाय २००५ च्या अधिनियमाने सामान्यतः तीन वर्षांचा पदावधी मान्य केला असल्याने, एखाद्या सेवेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या गटाला तेवढा काळ स्थिर ठेवण्यास कायद्याचाही आधार आहे. एखाद्या जिल्ह्यात, एकाच अधिसूचित सेवेसाठी, महसूल कर्मचारी, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक, संगणकतज्ज्ञ आणि भाषेचा जाणकार यांचा छोटा गट नेमून असा प्रयोग करता येण्याजोगा आहे.

८. समारोप

चपळ व बहुविद्याशाखीय कार्यगट ही केवळ बैठकांची नवी रीत नसून अधिकार, निधी आणि उत्तरदायित्व यांची वेगळी वाटणी आहे. ही वाटणी न करता केवळ शब्द स्वीकारल्यास काय होते, हे युनिव्हर्सल क्रेडिटच्या पहिल्या प्रयत्नाने दाखविले. ती केल्यास काय साधते, हे दुसऱ्याने. त्याच वेळी, धोरणच कठोर असेल तर उत्तम कार्यगटही नागरिकाची प्रतीक्षा संपवू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या विषयाचा महाविद्यालयीन अध्यापनाशीही निकटचा संबंध आहे. लोकप्रशासन, वाणिज्य, संगणकशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषा या शाखांचे पदवीधर पुढे शासनाच्या सेवेत येतात; पण शिक्षणाच्या काळात एकाच प्रश्नावर त्यांनी एकत्र काम केल्याचे क्वचितच आढळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिला आहे. त्याचा अर्थ अनेक विषयांचे पेपर एकापुढे एक ठेवणे एवढाच न घेता, जवळच्या तहसील कार्यालयातील एखाद्या सेवेचा विविध शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून अभ्यास करणे असाही घेता येईल. ज्या कार्यगटांची प्रशासनाला गरज आहे, त्यांची पूर्वतयारी तेथून सुरू होऊ शकते.